‘बरं नाही वाटलं तर या’: तोंडाच्या आजारांचं निदान शिकताना

ओरल मेडिसिनच्या, म्हणजे तोंडाच्या आजारांच्या विभागाच्या, पोस्टिंगला लागलेल्या, इंटर्नशिप नुकतीच सुरू झालेल्या आणि पुढे बाहेर जायचं की इथेच राहायचं या विचारात असलेल्या डेंटलच्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. ल्युकोप्लेकिया हा पांढरा चट्टा म्हणजे काय, लायकेन प्लेनस या आजाराच्या पांढऱ्या रेषा कशा दिसतात, हे तुम्हाला येतं असं धरून चालते. ते पुस्तकात आहे. मी लिहितेय ती माझी एक चूक, जिची किंमत दुसऱ्याच माणसाने मोजली.

विदर्भातल्या एका खाजगी कॉलेजातून मी बीडीएस केलं. चार वर्षं आणि वरची एक इंटर्नशिप. नंतर ओआरई, म्हणजे बाहेर शिकलेल्या डेंटिस्टांसाठीची ब्रिटनची परीक्षा, दिली आणि आता लेस्टरमध्ये जनरल प्रॅक्टिस करते. म्हणजे निदान करायला मी दोनदा शिकले. मधली काही वर्षं मला वाटत होतं की दुसरं शिकणं फक्त परीक्षेपुरतं आहे. तसं नव्हतं.

२०१४ चा पावसाळा. मी इंटर्न, ओएमडीआरच्या (ओरल मेडिसिन आणि रेडिओलॉजीच्या) ओपीडीत. पन्नाशीचे एक काका आले. “डावीकडे जीभ टोचते” एवढीच तक्रार. तोंड उघडलं तर ३७ ची, म्हणजे खालच्या डाव्या दुसऱ्या दाढेची, जिभेकडची कस्प (टोक) झिजून सुरीसारखी धारदार झालेली आणि तिच्या अगदी समोर जिभेच्या कडेला साधारण सेंटिमीटरभराचा व्रण. “तंबाखू खाता का?” “नाही.” मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. कारण समोर दिसत होतं. केस पेपरवर लिहिलं: ट्रॉमॅटिक अल्सर, ३७ मुळे. म्हणजे त्या दाढेच्या इजेने झालेला व्रण. कस्प घासून गुळगुळीत केली, जेल आणि बी-कॉम्प्लेक्स दिलं, स्टाफची सही घेतली आणि काकांना सांगितलं, “बरं नाही वाटलं तर या.”

काकांना बरं वाटलं. टोचणारं टोक गेलं होतं, वरून जेल होतं, दुखायचं कमी झालं. म्हणून ते आले नाहीत. आले ते चार महिन्यांनी. तेव्हा मी ओरल सर्जरीच्या पोस्टिंगला होते. बोलताना जीभ नीट वळत नव्हती, मानेत डावीकडे घट्ट गाठ लागत होती. त्यांनी कॅरीबॅगमधून चार घड्या केलेला जुना केस पेपर काढला. त्यावर माझं अक्षर होतं. ‘स्लोपिंग एज, टेंडर, नॉन-इंड्युरेटेड.’

मी त्या व्रणाला हातच लावला नव्हता.

हे पुन्हा सांगते, कारण सगळा लेख यासाठीच आहे. इंड्युरेशन म्हणजे कॅन्सरची शंका आणणारा घट्टपणा. ‘इंड्युरेशन नाही’ असं मी लिहिलं, पण बोट लावून पाहिलं नव्हतं. मी खोटारडी मुलगी नव्हते. जर्नलमध्ये अल्सरची चौकट ठरलेली असते: साइट, साइझ, शेप, मार्जिन, एज, फ्लोअर, बेस, सराउंडिंग एरिया, टेंडरनेस, इंड्युरेशन. ती चौकट मी इतक्या वेळा भरली होती की ‘ट्रॉमॅटिक’ हे नाव डोक्यात आल्याबरोबर बाकीचे रकाने आपोआप भरले गेले. ट्रॉमॅटिक म्हणजे कड उतरती, ट्रॉमॅटिक म्हणजे घट्टपणा नाही. तपासणीतून निदान यायला हवं होतं. माझ्याकडे निदानातून तपासणी आली. आणि एकदा कारण डोळ्यांना दिसलं की शोधणारा हात थांबतो. दात धारदार होता हे खरं, व्रण त्याच्यासमोर होता हेही खरं. पण धारदार दात असलेल्या माणसाला कॅन्सर होत नाही असं कुणी सांगितलंय? जिभेची कड दाताला लागूनच असते, तिथे काहीही झालं तरी समोर कुठला ना कुठला दात सापडणारच.

दुसरी गोष्ट तंबाखूची. काकांनी ‘नाही’ सांगितलं ते त्यांच्या दृष्टीने खरंच होतं. ते खर्रा खात. पन्नीत घोटलेला, सुपारी, तंबाखू, चुना सगळं त्यात. पण खर्रा म्हणजे खर्रा, तंबाखू म्हणजे पुडीतली, हातावर मळायची. तिकडे नगर-पुण्याकडे तेच मावा म्हणतात. बायका मिश्री लावतात, आणि ‘तंबाखू खाता का’ विचारलं तर मनापासून ‘नाही’ म्हणतात, कारण मिश्री खात नाहीत, दाताला लावतात. प्रश्न पुस्तकाच्या भाषेत विचारला की उत्तर चुकीचं येतं आणि चूक आपली असते. मी नागपूरकडची असून खर्रा शब्द वापरला नाही, कारण केस पेपरवर ‘टोबॅको’ छापलेलं होतं.

काकांना मोठ्या रुग्णालयात पाठवलं. पुढचं मला कळलं नाही. कुणी मला रागावलंही नाही. मॅडमनी केस पेपर पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि फक्त विचारलं, “तारीख का नाही दिली?” तेव्हा मला तो प्रश्न समजला नाही. इंटर्नशिप संपेपर्यंत समजला नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही एका मुलीची हलगर्जी, यात शिक्षणपद्धतीचा काय संबंध? मला वाटतं आहे. हलगर्जी माझीच, ती मी कुणावर ढकलत नाही. पण आपल्याकडे ओपीडी कशी चालते ते आठवा. नवा पेशंट आधी ओएमडीआरला येतो, आपण केस पेपर लिहितो, प्रोव्हिजनल डायग्नोसिस (तात्पुरतं निदान) लिहितो, खाली ‘रेफर टू अमुक’ आणि पेशंट दुसऱ्या डिपार्टमेंटला. आपलं बरोबर होतं की चूक, हे आपल्याला कधीच कळत नाही. बायोप्सी सर्जरीवाले घेतात, स्लाइड ओरल पॅथॉलॉजीत जाते, रिपोर्ट पेशंटच्या फाइलला लागतो. आणि ओरल पॅथॉलॉजी आपण तिसऱ्या वर्षाला ‘पास होऊन’ मागे टाकलेली असते, ओरल मेडिसिन येतं चौथ्या वर्षाला. एकाच आजाराचे दोन तुकडे दोन वर्षांत, दोन मजल्यांवर. पाच वर्षांत मी शेकडो वेळा ‘प्रोव्हिजनल’ लिहिलं आणि त्याचं ‘फायनल’ किती वेळा पाहिलं? बोटांवर मोजण्याइतक्या वेळा.

माझी मैत्रीण अमेरिकेत गेली. आपली डिग्री तिथे थेट चालत नाही. बहुतेकांना तिथल्या कॉलेजात दोन-तीन वर्षं पुन्हा काढावी लागतात, आणि २०२० पासून तिथल्या परवान्यासाठी आयएनबीडीई ही एकच एकत्रित लेखी परीक्षा आहे. पाचशे प्रश्न, त्यातले कितीतरी एका पेशंटच्या माहितीभोवती गुंफलेले. तिचं पहिल्या महिन्यातलं वाक्य मला पाठ आहे: “अगं, इथे पेशंट माझा असतो. तो डिपार्टमेंट बदलत नाही, मी बदलते.” म्हणजे तिने जे निदान लिहिलं त्याचे परिणाम तिच्याच खुर्चीत परत येऊन बसत. पांढरा चट्टा तिने लिहिला, बायोप्सी तिने ठरवली, रिपोर्ट तिने वाचला आणि पेशंटला सांगितलाही तिनेच. वर्षभरात तिला जेवढे चट्टे दिसले तेवढे मला नागपूरकडे एका आठवड्यात दिसत होते. पण तिला प्रत्येकाचा शेवट माहीत होता.

हा फरक मला फार मोठा वाटतो. आपल्याकडे डोळे तयार होतात, पण ते कुठे चुकले हे कुणी सांगत नाही. तिथे डोळ्यांना कमी खाद्य मिळतं, पण प्रत्येक घासाची चव कळते. डॉक्टर होण्यासाठी दोन्ही लागतं.

इंग्लंडमधली पद्धत मला परीक्षेतून कळली. ओआरईचा पहिला भाग लेखी, तो रट्टा मारून निघतो. दुसऱ्या भागात मॅनिकिन (पुतळ्याच्या तोंडात काम), मेडिकल इमर्जन्सी, ओएससीई आणि एक निदान व उपचारांच्या आराखड्याचा भाग. ओएससीई ही स्टेशनवार प्रात्यक्षिक परीक्षा १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीत रोनाल्ड हार्डन यांनी मांडली. एकाच लाँग केसवर आणि एकाच परीक्षकाच्या मर्जीवर विद्यार्थ्याचं नशीब ठरू नये, म्हणून छोटी छोटी स्टेशन्स आणि सगळ्यांना तोच प्रश्न. आपल्या वायव्यात, म्हणजे तोंडी परीक्षेत, एक्सटर्नल (बाहेरचा परीक्षक) समोर बसून विचारतो, “काय आहे हे?” आणि पटकन नाव सांगणारा हुशार ठरतो. मी तशीच तयार झाले होते. फोटो दिसला की वीस सेकंदांत नाव.

पहिल्या वेळी माझा दुसरा भाग गेला. परीक्षेत चुकीचं काही नव्हतं, मीच नावाकडे धावत होते. पेशंटची भूमिका करणारी व्यक्ती समोर बसलेली, तिला काय वाटतंय हे विचारण्याआधी माझं डिफरन्शियल, म्हणजे संभाव्य आजारांची यादी, तयार असायचं. त्यांना माझं उत्तर नको होतं, मी उत्तरापर्यंत कशी पोचले ते हवं होतं. आराखड्याच्या भागात तर पेशंटशी बोलून हिस्टरी घ्यायची, मग कुठली तपासणी हवी ते मागायचं, जे मागाल त्याचीच माहिती पुढे सरकायची. मागितलं नाही तर मिळत नाही. इथे रकाने आपोआप भरता येत नाहीत. त्या दिवशी टेबलाशी बसून मला पहिल्यांदा काकांचा केस पेपर आठवला. मॅडमचा प्रश्नही.

दुसऱ्या तयारीला मी पुस्तकं बाजूला ठेवली आणि एकच सराव केला. घरातला आरसा, टॉर्च, स्वतःचं तोंड. दिसतं ते मोठ्याने बोलायचं, नाव न घेता. “डाव्या गालाच्या आतल्या बाजूला, दात मिटतात त्या रेषेत, पांढरी आडवी रेघ, साधारण तीस मिलिमीटर, सपाट, पुसून जात नाही, हाताला मऊ, दुखत नाही.” हे लिनिया अल्बा, म्हणजे गालातली निरुपद्रवी रेघ, आहे हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही. पण नाव आधी आलं असतं तर ‘पुसून जात नाही’ हे मी पुसून न पाहताच बोलले असते. मराठीतच बोलायचे. इंग्रजीत मला तयार वाक्यं येत, मराठीत खरंच बघावं लागे. हा माझा स्वतःचा शोध आहे आणि तुम्ही तो जरूर वापरा. ओआरई द्या किंवा देऊ नका.

थोडं ल्युकोप्लेकियाबद्दल, कारण तिथे सगळे अडकतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली जी व्याख्या आता चालते, ती नीट वाचा. ज्या पांढऱ्या चट्ट्याचा धोका शंकास्पद आहे, आणि कॅन्सरचा वाढीव धोका नसलेले इतर माहीत असलेले आजार वगळून झाले आहेत, तो. म्हणजे ल्युकोप्लेकिया दिसत नाही. बाकीचं वगळून उरतो. पुसून जातो का पाहिलं? गाल ताणला की दिसेनासा होतो का पाहिलं? समोर तुटका दात किंवा डेंचरची (कवळीची) कडा आहे का, ती काढून परत बोलावून पाहिलं? मग जे उरलं ते. आपल्याकडे तंबाखू ऐकली आणि पांढरं दिसलं की लिहून मोकळे. लेस्टरमध्ये आल्यावर मी उलट बाजूने चुकले. एका बाईंच्या गालात पांढऱ्या जाळीदार रेषा दिसल्या, मी लायकेन प्लेनस म्हणाले. सोबतचे सीनियर म्हणाले, “दुसरा गाल बघ.” तिथे काहीच नव्हतं. रेषा एकाच बाजूला, बरोबर जुन्या मोठ्या अमाल्गम (धातूच्या) फिलिंगला चिकटून. लायकेनॉइड रिॲक्शन, म्हणजे फिलिंगमुळे उठलेल्या, लायकेनसारख्या दिसणाऱ्या रेषा. दोन्ही बाजू पाहायला एवढासा वेळ लागतो.

आणि औषधं. आपल्याकडे पेशंट सांगतो, “बीपीची एक गोळी चालू आहे.” नाव माहीत नसतं. इथे बहुतेकांकडे औषधांची छापील यादी असते आणि ती पाहिल्याशिवाय मी तोंड उघडायला सांगत नाही. छातीत दुखण्यासाठी दिलेल्या निकोरँडिलने तोंडात मोठे, महिनोन् महिने न भरणारे व्रण येतात. हाडांसाठी ॲलेंड्रोनेट चालू असेल तर दात काढण्याआधी विचार करावा लागतो. ही औषधं आपल्याकडेही आहेतच. गावाकडच्या पेशंटला सांगा, “पुढच्या वेळी गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा.” आणतात. कुणी आजपर्यंत मला नाही म्हटलेलं नाही.

इतकं वाचून कुणाला वाटेल की बाहेरचं सगळं चांगलं आणि आपलं वाईट. अजिबात नाही. एक केस सांगते.

लेस्टरमध्ये एक साठीच्या बाई डेंचरसाठी आल्या. इंप्रेशनचा (माप घ्यायचा) ट्रे तोंडात जाईना. सहकाऱ्याला जबड्याच्या सांध्याचा त्रास वाटला आणि तसं वाटणं चुकीचं नव्हतं, कारण त्याने पाहिलेल्या शंभर पेशंटांत तेच असतं. सिगारेट? नाही. तंबाखू? नाही. मला विचारायला बोलावलं. मी मोडक्या गुजरातीत विचारलं, “सोपारी खाओ छो?” बाई हसल्या आणि पर्समधून छोटी डबी काढली. सोपारी तर रोजच, लग्न झाल्यापासून. तंबाखू कधीच नाही. मी ग्लोव्ह घालून गालात बोट फिरवलं आणि ते उभे, दोरीसारखे ताणलेले पट्टे हाताला लागले, जे विदर्भातला कुठलाही इंटर्न डोळे मिटून ओळखेल. मऊ टाळू पांढुरकी, पडजीभ आखडलेली. तोंड उघडत होतं बावीस मिलिमीटर. ओरल सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे सुपारीने तोंडाचं आतलं अस्तर आखडत जाणारा आजार. “तिखट लागतं का?” तर कित्येक वर्षांपासून घरच्यांपेक्षा वेगळी भाजी करून खात होत्या. कुणी विचारलंच नव्हतं.

त्या बाईंचं बालपण केनियात गेलेलं. घरी येऊन मी पुन्हा वाचलं: १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी हा आजार पहिल्यांदा नोंदवला तो केनियातल्याच भारतीय स्त्रियांमध्ये, आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या जोशींनी त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हटलं. वायव्यासाठी ही दोन नावं मी पाठ केली होती. त्यामागे माणसं होती, हे त्या संध्याकाळी लक्षात आलं. सुपारी एकटीही पुरेशी असते, तंबाखूची गरज नाही, हे आपल्याला तिसऱ्या वर्षापासून माहीत असतं. २००४ मध्ये आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, सुपारीला निश्चित कर्करोगकारकांच्या गटात टाकलं. ब्रिटनमध्येही २०१२ साली दक्षिण आशियाई लोकांच्या बिनधुराच्या तंबाखूबद्दल वेगळं मार्गदर्शन निघालं. पण कागदावर असणं आणि खुर्चीशी बसून ‘सोपारी’ हा शब्द तोंडात येणं यात अंतर आहे. ते अंतर आपण ओलांडलेलं असतं. याची लाज वाटू देऊ नका, उलट हे तुमचं भांडवल आहे.

देशादेशांत शिकवणं वेगळं का, याचं एक साधं उत्तर इथेच मिळतं. आपल्याकडे कॅन्सर जास्त करून गाल आणि हिरडीच्या खोबणीत दिसतो, जिथे पुडी दाबून ठेवतात तिथे. इकडे जिभेची कड आणि जिभेखालची जागा. शिक्षक जे रोज पाहतात तेच विद्यार्थ्याला आधी दाखवतात. म्हणून आपला विद्यार्थी गाल ओढून खोबण आधी बघतो, इथला विद्यार्थी गॉजने जिभेचं टोक धरून कड आधी बघतो. मी जिभेची कड नीट बघायला इंग्लंडमध्ये शिकले. त्या काकांचा व्रण जिभेच्या कडेलाच होता. दोन्ही सवयी लावून घ्या. जीभ गॉजने धरा, पुढे ओढा, बाजूला वळवा, आणि बोट लावा. मानेतल्या गाठी तपासायला पेशंटच्या मागे उभे राहा. याला दोन मिनिटं लागतात. ओपीडीत पन्नास पेशंट असले तरी लागतात ती दोनच मिनिटं.

आता शॉर्टकट. याबाबत माझी मतं पक्की आहेत आणि ती कुणाला कडक वाटली तर वाटू देत. टेलिग्रामवर फिरणारे ‘रिकॉल’ (आधीच्या परीक्षेतले, आठवून लिहिलेले) प्रश्न पाठ करून लेखी निघेलही, पण पुढे तुम्ही पेशंटमध्ये तो प्रश्नच शोधत बसाल. भरलेल्या केस शीट्स ज्युनियरला देणारे सीनियर तुमचे हितचिंतक नाहीत, कितीही प्रेमाने दिल्या तरी. कोटा पूर्ण होईल, हात तयार होणार नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून ‘डायग्नोसिस प्लीज’ विचारणं तर मला सहनच होत नाही. फोटोला घट्टपणा नसतो. फोटो पुसून बघता येत नाही. तिथे दहा जण दहा नावं सांगतात आणि एकाचंही बोट तिथे पोचलेलं नसतं. शिवाय ते कुणाचं तरी तोंड आहे, त्याला विचारलं होतं का?

गुरू निवडायचा तर नोट्स छान देणारा निवडू नका. जो “आधी काय दिसतंय ते सांग” म्हणून उभं करतो, जो स्वतः ग्लोव्ह घालून तुमच्या शेजारी बोट लावतो आणि मग “तुला लागलं का?” असं विचारतो, तो धरा. असा एकच पुरतो. तो पीजी असेल, लेक्चरर असेल, कधी ओरल पॅथॉलॉजीचा असेल. डिग्री बघू नका.

आणि तारीख. मॅडमचा प्रश्न. आपल्या पुस्तकात आहे, कारण काढून टाका आणि दोन आठवड्यांनी पाहा. इथे नाइस या आरोग्यविषयक मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शनात आहे, तोंडातला कारण न सापडलेला व्रण तीन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर तातडीने रेफर करण्याचा विचार करा. ‘कारण न सापडलेला’ या शब्दांत सापळा लपलेला आहे. काकांच्या व्रणाला कारण ‘सापडलं’ होतं. म्हणून सापडलेलं कारण हा अंदाज समजा. तो खरा की खोटा हे दोन आठवड्यांनी ठरतं, आणि ठरवायला माणूस समोर लागतो. ‘बरं नाही वाटलं तर या’ यात निर्णय पेशंटवर सोडलेला असतो, आणि पेशंटला दुखणं कळतं, व्रण भरलाय की नाही हे कळत नाही. सुरुवातीचा कॅन्सर दुखतोच असं नाही, हे आपणच परीक्षेत लिहितो ना?

आता मी असं सांगते: “बरं वाटलं तरी या. गुरुवारी, अठरा तारखेला. मला स्वतःला बघायचंय.” कार्डावर लिहून देते, फोन नंबर घेते, नाही आले तर रिसेप्शनवरून फोन जातो. गावाकडे फोन नसेल तर सोबत आलेल्या माणसाचा घ्या. एसटीच्या भाड्याचा प्रश्न असतो, मजुरी बुडते, ते मला माहीत आहे. म्हणून बाजाराच्या दिवसाची तारीख द्या, ते तसेही येणार असतात.

पेशंट दारातून जाताना एक प्रश्न हमखास विचारतो, अर्धवट आवाजात. “डॉक्टर, काही तसलं नाही ना?” ‘तसलं’ म्हणजे काय हे दोघांनाही माहीत असतं. आपण घाईने म्हणतो, “नाही हो, घाबरू नका.” इंग्लंडमध्ये पेशंटची भीती काय आहे हे विचारणं परीक्षेत शिकवतात, तेव्हा मला ते वरवरचं वाटलं होतं. आता वाटत नाही. आता मी म्हणते, “आत्ता सांगता येत नाही. बहुतेक दाताचंच असेल, पण मला खात्री करायचीय, म्हणून तारीख देतेय.” एवढं खरं सांगितलेली माणसं परत येतात, हा माझा अनुभव.

ज्यांना आता भीती वाटायला लागली असेल त्यांच्यासाठी. तुमच्या हातूनही चुका होतील. बहुतेक व्रण खरंच दाताचेच असतात, बहुतेक पांढऱ्या रेघा खरंच निरुपद्रवी असतात. मला आजही प्रत्येक व्रणाला बोट लावताना पोटात गोळा येतो, आणि मी दहा वर्षं हेच काम करतेय. हळू असलात तर असा. ओआरई एकदा गेली तर जाऊ द्या, मी दिली तेव्हा प्रत्येक भागाला चार संधी होत्या. पैसे लाखांत जातात, ते दुखतं, घरच्यांना तोंड दाखवावंसं वाटत नाही. मी दोन महिने आईचा फोन उचलत नव्हते. पण जे मी दुसऱ्यांदा शिकले, ते पहिल्याच वेळी पास झाले असते तर शिकले नसते.

बाहेर जायचं नसेल तरी एक गोष्ट उद्यापासून करता येईल. एक वही करा, तीन रकाने. पहिल्यात ओपीडी नंबर आणि तारीख, नाव नको. दुसऱ्यात तुम्ही काय म्हणालात, आणि हात लावला होता का. तिसरा रिकामा ठेवा. महिन्याने ते नंबर घेऊन ओरल पॅथॉलॉजीत जा आणि म्हणा, या केसचा रिपोर्ट आणि स्लाइड बघायचीय. पहिल्यांदा ते चकित होतील, कारण कुणी येत नाही. पण दाखवतील, बहुधा आनंदाने. दुपारी जा, सकाळी तिथे तिसऱ्या वर्षाची प्रॅक्टिकल्स चालू असतात.